फ्रिजशेजारचा डॅशबोर्ड

आई गेली तेव्हा तिचे फोटो जागोजागी विखुरलेले होते. काही तिच्या जुन्या फोनमध्ये, काही भावाच्या लॅपटॉपवर, काही कुठल्याशा वेबसाइटवर, जिचा पासवर्ड फक्त तिलाच माहीत होता. ते गोळा करता करता मी इतकी वैतागले, की यापुढे घरातली कुठलीही गोष्ट परक्यांच्या मशिनवर ठेवायची नाही असं ठरवून टाकलं. ऑफिसनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर रीतसर परवानगी घेऊन पुण्यात धायरीच्या माझ्या फ्लॅटवर आणला आणि हॉलमध्ये चपलांच्या कपाटावर बसवला.

माझी नोकरीही याच जातीची. कंपनीची सर्व्हर मशिनं चालू ठेवायची. ती चालू असतात तेव्हा मी ऑफिसात आहे की नाही हे कुणाला ठाऊक नसतं. बंद पडली की सगळ्यांना माझा नंबर पाठ असतो. दिवसभर हे करून आलेल्या बाईनं घरीही तेच दुकान मांडावं, हा शुद्ध मूर्खपणा होता. पण मी लग्न केलेलं नाही, संध्याकाळी घर शांत असायचं, आणि मला ते काम मनापासून आवडायचं. तेव्हा आवडायचं.

एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दोन-तीन आभासी कॉम्प्युटर चालवता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यांच्या पोटात पुन्हा कंटेनर, म्हणजे एकेका कामासाठी एकेक बंद खोली. एका कंटेनरमध्ये मी आईचे फोटो ठेवले, एकात घरातली कागदपत्रं, एकात बाबांची भीमगीतं आणि धम्मप्रवचनं, आणि एकात जाहिराती अडवणारा पहारेकरी, जो पडला की घराचं इंटरनेटच बसतं. या सगळ्यांची तब्येत एका ठिकाणी दिसावी म्हणून डॅशबोर्ड केला. एकच पान, त्यावर प्रत्येकाचा एकेक चौकोन. ठीक असेल तर हिरवा, धाप लागली तर पिवळा, पडला तर लाल. शेजारी ताणाचे आकडे. एक जुना टॅब्लेट होता, तो फ्रिजशेजारच्या भिंतीवर लावला, कारण चार्जिंगचा प्लग तिथे होता. यापलीकडे त्या जागेमागे काही विचार नव्हता.

आणि मग बाबा राहायला आले.

पुण्यातल्याच विश्रांतवाडीच्या घरात ते एकटे पडतील, असं मी आणि अमेरिकेतल्या धाकट्या भावानं फोनवर ठरवलं. बाबांना विचारलं ते सगळं ठरल्यावर. ते "बरं" म्हणाले, दोन बॅगा आणि बुद्धांची पितळी मूर्ती घेऊन आले, आणि धायरीत त्यांना ओळखणारं एकही माणूस नव्हतं.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. पावसाळ्यात धरणांच्या पातळीचे आकडे सकाळी फोनवरून घ्यायचे आणि साहेबांसमोर मांडायचे, हे त्यांनी कित्येक वर्षं केलेलं. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते चहाचा कप घेऊन टॅब्लेटसमोर उभे राहिले.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. खरं मशीन, आभासी मशीन, कंटेनर, रंग. नको तितकं समजावून सांगितलं.

"म्हणजे डबे," ते म्हणाले.

"डबे नाही बाबा, कंटेनर."

"कंटेनरला मराठीत काय म्हणतात?"

त्यांनी डायनिंग टेबलाची एक खुर्ची ओढून फ्रिजशेजारी ठेवली. ती खुर्ची त्यानंतर तिथून हलली नाही.

पहिला फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते.

"अगं, फोटोंचा डबा पिवळा झालाय."

"होऊ द्या बाबा. तो फोटोंच्या छोट्या प्रती बनवतोय, म्हणून ताण आहे."

"किती वेळ बनवणार?"

"बनवू द्या ना त्याला."

"ताण ऐंशीच्या वर गेलाय. ऐंशीच्या वर काळजी करायची, असं तूच म्हणालीस."

"मी करायची काळजी! तुम्ही नाही!"

समोर बसलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फोन ठेवला. थोड्या वेळानं मेसेज आला: "हिरवा झाला. चिंता नसावी."

हे रोजचं झालं. डबा पिवळा झाला की फोन, हिरवा झाला की मेसेज. मी एक शहाणपणा केला. घरी येऊन रंग बदलण्याची मर्यादाच वाढवून ठेवली, म्हणजे किरकोळ ताणाला पिवळा होणारच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन.

"तुझा मीटर बिघडलाय. कालपर्यंत ऐंशीला पिवळा व्हायचा, आज नव्वदलाही हिरवाच आहे."

"बिघडलेला नाही. मी बदललाय."

"का?"

काय सांगणार? मी म्हणाले, "संध्याकाळी बोलू." संध्याकाळी त्यांनी तो विषय सोडला नाही. धरण भरत आलं म्हणून धोक्याची रेघ वर सरकवत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी मर्यादा पूर्ववत केली.

मी त्यांना खाली पाठवायचा प्रयत्न करायचे. सोसायटीत मंदिराशेजारी ज्येष्ठांचा कट्टा होता, मागे चालायला जागा होती.

"जा की जरा पाय मोकळे करायला."

"आणि इथे कोण बघेल?"

"इथे बघण्यासारखं काही नाहीये हो! मशीन स्वतःच स्वतःला बघतं!"

"मग भिंतीवर कशाला लावलंस?"



एका शनिवारी मी बाजारातून आले तर बाबा पिशवी घ्यायला दारातच उभे. फार मदतीच्या मूडमध्ये होते, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. "फोटोंचा डबा लाल झाला होता," ते म्हणाले. "मी केला दुरुस्त."

"कसा?"

"बटण बंद केलं, परत चालू केलं."

"कुठलं बटण?"

त्यांनी भिंतीवरच्या स्विचकडे बोट दाखवलं. चालत्या कॉम्प्युटरची वीजच तोडली होती. मी पिशव्या तिथेच ठेवल्या आणि जमिनीवर बसकण मारली. फोटोंची सगळी अनुक्रमणिका खराब झाली होती. मूळ फोटो शाबूत होते, पण ते परत लावण्यात माझा रविवार गेला. अख्खा. बाबा मधूनमधून येऊन चहा ठेवून जात होते.

"तूच फोनवर लोकांना सांगत असतेस," शेवटी ते म्हणाले. "बंद करा, परत चालू करा."

"ते माणसांना शांत करायला सांगते बाबा! त्यांना दुसरं काही सांगून उपयोग नसतो म्हणून!"

"मला कसं कळणार?"

मी स्विचवर चिकटपट्टी लावली. ती अजूनही आहे.

इथवर सगळं आमच्या दोघांत होतं. त्यात भाऊ शिरला. त्यानं बाबांना मनगटावर बांधायचं एक घड्याळ पाठवलं होतं. हृदयाचे ठोके, पावलं, झोप, सगळं मोजणारं. बाबा ते बांधायचे, कारण मुलानं पाठवलं होतं. एकदा व्हिडिओ कॉलवर भावाला मागच्या भिंतीवरचा टॅब्लेट दिसला.

"ताई, यात बाबांचं घड्याळ जोडता येईल का?"

"अरे, हे मशिनांसाठी आहे."

"डेटा तो डेटाच ना."

"नाही जमणार."

"जमेल. मी वाचलंय. मी इतका लांब आहे ताई. मला रोज नुसतं दिसलं ना, की ते ठीक आहेत, तर बास."

हे तो आठवडाभर बोलत राहिला. तो लांब होता हे खरं होतं, आणि आईच्या वेळी तो पोचू शकला नव्हता हेही खरं होतं. त्यावर कुणीच काही बोलत नसे, त्यामुळे त्याला नाही म्हणणं अवघड जायचं. एका संध्याकाळी, केवळ त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून, मी ते जोडलं. घड्याळाचे आकडे बाबांच्या फोनवर, फोनवरून कॉम्प्युटरवर, आणि तिथून एक नवा चौकोन. त्यावर लिहिलं "बाबा". भावाला तो चौकोन तिकडून बघण्याची सोय करून दिली.

सकाळी बाबांनी खुर्चीत बसून चष्मा लावला. बराच वेळ बघत बसले.

"मी कुठल्या डब्यात आहे?"

"तुम्ही डब्यात नाही हो. ते फक्त घड्याळाचे आकडे आहेत."

"मग यांच्या रांगेत कसा?"

"धाकट्यानं सांगितलं म्हणून. त्याला बरं वाटावं म्हणून."

"आणि मला?"

मला उशीर होत होता. "संध्याकाळी बोलू," म्हणाले आणि निघाले. त्या दिवसांत मी किती गोष्टी संध्याकाळवर ढकलल्या याची मोजदाद नको.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. बाबा डबे बघायचे, भाऊ बाबांना बघायचा, आणि दोघेही फोन मला करायचे. भावाची रात्र म्हणजे माझी दुपार. त्याला झोप लागली नाही की तो डॅशबोर्ड उघडून बसायचा.

"ताई, बाबांचे ठोके वाढलेत."

"लिफ्ट बंद आहे. जिना चढले असतील."

"ताई, आज त्यांची पावलंच नाहीत."

"नसतील. तुझ्यासारखेच बसून पडद्याकडे बघतायत."

"ताई, लाल झालाय!"

"आंघोळ करतायत रे! घड्याळ काढून आंघोळ करतात माणसं!"

आंघोळ ही आमच्या घरात रोजची आपत्ती होऊन बसली. मी बाबांना म्हटलं, घड्याळ पाण्यात चालतं, काढू नका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही. हळूहळू त्यांनी डब्यांबद्दल फोन करणं कमी केलं. मला सुटल्यासारखं वाटलं. ते खुर्चीत बसलेले असायचे, पण तोंड गॅलरीकडे करून. शर्टाची बाही घड्याळावर ओढलेली.

मग तो दिवस आला. बाणेरच्या ऑफिसात मोठी बैठक होती, फोन बंद करून बाहेर ठेवायला लावले होते. बाहेर येऊन फोन हातात घेतला तर भावाचे इतके मिस्ड कॉल, की मला ते खालीपर्यंत बघायचा धीर झाला नाही. मधेच सोसायटीच्या सेक्रेटरींचाही एक. मी आधी त्यांनाच लावला.

सेक्रेटरी म्हणजे शहरातल्या पेठेतून धायरीला आलेले, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आवाज कधी चढत नाही.

"आपल्या बंधूंचा अमेरिकेहून फोन आला होता," ते म्हणाले. "वडिलांच्या हृदयाचे ठोके सकाळपासून बंद आहेत, असं त्यांचं म्हणणं."

"म्हणजे? बाबा कुठे आहेत?"

"बेल वाजवली, उत्तर नाही. फोन उचलत नाहीत. बंधूंनी दार तोडायला सांगितलं. अँब्युलन्सही बोलावली. सुतार आत्ता दाराचं लॅच काढतोय. आपण या."

स्कूटर हायवेवरून कशी चालवली ते मला आठवत नाही. नवले पुलाजवळ नेहमीसारखी गर्दी तुंबली होती आणि मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं बोलत होते, कुणाशी ते माहीत नाही. आई गेली त्या दिवशी मी तिच्याजवळ होते. बाबांजवळ कुणीच नव्हतं, आणि मी त्यांना म्हटलेलं शेवटचं वाक्य "दुधाची पिशवी आत घ्या" हे होतं.

खाली अँब्युलन्स उभी होती. जिन्यात लोक. आमच्या दाराची चौकट फुटलेली, लाकडाचा भुसा उंबऱ्यावर. सेक्रेटरी हात मागे बांधून दारातच उभे.

"आपले वडील घरात नाहीत," ते म्हणाले. "ही बातमी चांगली की वाईट, ते आपण ठरवा."

मी आत गेले. स्वयंपाकघर, बाथरूम, गॅलरी. घड्याळ खिडकीत चार्जरला लावलेलं होतं. भिंतीवर सगळे चौकोन हिरवे आणि एक लाल. सोफ्यावर बसले. बाबांना फोन लावत राहिले. वाजत होता, उचलत नव्हते. अँब्युलन्सवाल्यांना पेशंट नाही असं लिहून हवं होतं. शेजारच्या बाई पाणी घेऊन आल्या. भाऊ फोनवर रडत होता आणि मी त्याला सांगत होते, की घड्याळ सापडलंय, बाबा नाही, आणि यातून त्यानं काय ते समजावं.

शेवटी बाबांचाच फोन आला.

"इतके फोन का केलेस? मी वंदनेला बसलो होतो."

"कुठे?"

"विश्रांतवाडीला. विहारात."

त्यांच्या ऑफिसातले एक जुने सहकारी गेले होते, त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. सकाळी मी निघाल्यावर बाबांनी पांढरा शर्ट घातला, मनपाच्या स्टँडपर्यंत एक बस, तिथून विश्रांतवाडीवरून जाणारी आळंदीची दुसरी, असे ते एकटे गेले होते.

"तिथेच थांबा," मी म्हणाले, "मी न्यायला येते."

"कशाला? आलो तसा जाईन," म्हणाले आणि फोन ठेवला.

ते आले तेव्हा ऊन कलत होतं. हातात खिरीचा डबा होता, विहारातून माझ्यासाठी दिलेला. दाराकडे बघून थांबले.

"दाराला काय झालं?"

आणि मग मी सुटले. इतकी ओरडले, की शेजारच्या बाईंनी त्यांचं दार लावून घेतलं. "लोकांनी दार तोडलं बाबा! अँब्युलन्स आली होती! तो तिकडे रडतोय! घड्याळ काढून ठेवलंत, फोन उचलला नाहीत, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत!"

"सांगितलं असतं तर रिक्षा करून दिली असतीस," ते म्हणाले. "आणि मग त्या रिक्षाचाही डबा केला असतास."

मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. बाबा चपला काढून आत आले, माझ्याशेजारी बसले. भावाचा व्हिडिओ कॉल वाजत होता. त्यांनीच घेतला.

"बाबा, घड्याळ का काढलंत?" भावाचे डोळे सुजलेले होते.

"चार्जिंग संपलं होतं," बाबा म्हणाले. मग चष्मा काढून, "नाही. खोटं कशाला बोलू? मला एक दिवस कुणी बघायला नको होतं."

त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"तुझी आई रोज विचारायची, कुठे निघालात. मी सांगायचो. संपलं. तुम्ही दोघं विचारत नाही रे. नुसते बघता." मग आवाज मऊ करून म्हणाले, "मी जिवंत आहे. तुझ्याकडे पहाट होत आली असेल. झोप आता."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला रजा टाकली. आधी सुताराला बोलावून दार नीट करून घेतलं, मग बाबांचा चौकोन काढला. ते मागे उभं राहून बघत होते, खरंच काढते की नाही ते. भाऊ रुसला. आमच्याशी बरेच दिवस बोलला नाही. मग एका सकाळी बाबांच्या फोनवर त्याचा फोन आला. माझ्या नव्हे. त्यांच्या.

"जेवलात का?" त्यानं विचारलं.

"सकाळचे आठ वाजलेत," बाबा म्हणाले. "पोहे खाल्ले."

मग दोघं इकडच्या आणि तिकडच्या हवेवर आले. मला स्वयंपाकघरातून ते ऐकवेना. पण तो पुन्हा पुन्हा फोन करत राहिला आणि हळूहळू बोलणं लांबत गेलं. आता ते काय बोलतात ते मला कुणी सांगत नाही. मी विचारलं तर बाबा म्हणतात, "आमचं काहीतरी."

पावसाळा तोंडावर आला तेव्हा बाबांनी जाहीर केलं, की विश्रांतवाडीचं घर बंद ठेवलं तर भिंतींना ओल धरेल, तेव्हा ते परत जातायत. मी भांडले. एकटे कसे राहाल, जेवणाचं काय, गुडघ्यांचं काय. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि पुन्हा ओलीवर यायचे. मी भावाला मध्यस्थी करायला सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, त्यांनी मला आधीच सांगितलंय. मी हो म्हणालो." माझ्या घरात राहून दोघांनी परस्पर ठरवलं होतं. मला इतका राग आला, की त्यांच्या बॅगा मीच आपटत भरल्या.

आता मी रविवारी विश्रांतवाडीला जाते. धायरी शहराच्या एका टोकाला, विश्रांतवाडी दुसऱ्या. मधे अख्खं पुणे आणि त्यातले सगळे खणलेले रस्ते. पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं. बाबांच्या दारात कुणी ना कुणी बसलेलं असतं, "जय भीम ताई, आलात का," म्हणतं, आणि उठत नाही. बाबा मटकीची उसळ करून ठेवतात, त्यात मीठ जास्त. फोन चार्ज केलेला नसतो.

मागच्या रविवारी जेवण झाल्यावर मी विचारलं, "कसे आहात बाबा?"

त्यांनी सांगायला सुरुवात केली. गुडघा, शेजाऱ्यांचा मिक्सर, नळाला अवेळी येणारं पाणी, विहाराच्या रंगाचा वाद, पुन्हा गुडघा, मग आईची एक आठवण जी मी कधी ऐकली नव्हती, मग पुन्हा मिक्सर. मी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. परतीची गर्दी वाढत होती, दुसऱ्या दिवशी ऑफिसात मशिनांचं मोठं काम होतं. ते थांबायला तयार नव्हते.

"तुला उशीर होत असेल," ते मधेच म्हणाले.

"होतोय," मी म्हणाले. "पण सांगा. तो मिक्सरवाला नेमका काय म्हणाला?"